जर्दाळी गुलाबाची दोन माहेरे

रंग ओळखण्याच्या बाबतीत आपण बायका कोणाला हार जाणाऱ्या नाही. साडीच्या दुकानात गादीवर बसून "हा अंजिरी झाला, आम्हांला आमसुली दाखवा," असे सांगताना आपली जीभ अडखळत नाही. डाळिंबी, करवंदी, मोतिया, श्रीखंडी, अबोली, सोनचाफी ही सारी नावे आपण आई-आजीच्या तोंडून ऐकत आलो. परंतु हीच मंडळी गुलाबाचे कलम आणावयास निघाली, म्हणजे तांबडा, गुलाबी, पिवळा आणि पांढरा या चार नावांपलीकडे गाडी सरकत नाही. रोपवाटिकेतील माळी 'ॲप्रिकॉट' म्हणून जे पुढे करील ते पिशवीत येते आणि फूल उमलल्यावर घरात चर्चा सुरू होते, की यालाच तो रंग म्हणावयाचे काय?

स्मरणिकेच्या संपादिकांनी "बागेविषयी काहीतरी लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा या एकाच रंगाविषयी लिहावे असे मी ठरविले. आपल्या मंडळात गुलाबाची हौस असलेल्या भगिनी पुष्कळ आहेत. कोणाचे अंगण आहे, कोणाची गच्ची, तर कोणाच्या गॅलरीत दोनच कुंड्या. या सर्वांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मला इतिहासाच्या वाचनातून मिळाली. सोयरीक जुळविताना आपण रूप पाहतो, पण घराणेही विचारतो. गुलाबाचेही तसेच आहे. जर्दाळी गुलाबाला दोन माहेरे आहेत, आणि कोणत्या माहेरचा गुण त्यात अधिक उतरला हे कळले, की तो आपल्या अंगणात कसा नांदेल हे बऱ्याच अंशी सांगता येते.

प्रथम नावच पाहू. जर्दाळू हा शब्द फारसी. 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातीचे फळ. म्हणजे जर्दाळू हा पिवळा आलुबुखारा झाला. गुलाब हा शब्दही फारसीच. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. मुळात हे गुलाबपाण्याचे नाव, ते आपल्याकडे फुलालाच चिकटले. मोगल अमदानीत आपल्या नाशिकला 'गुलशनाबाद' म्हणत, त्यातला 'गुल' हाच.

आपल्या घरी जर्दाळू येतो तो सुकलेला आणि तपकिरी. त्यावरून या रंगाची कल्पना यावयाची नाही. लडाखात किंवा हिमाचलात ताजे फळ झाडावर पाहिले म्हणजे उलगडा होतो. सगळे अंग पिवळसर केशरी, आणि ज्या बाजूला ऊन लागले त्या गालावर गुलाबी लाली. गुलाबाच्या पाकळीतही हेच घडते. गाजराला रंग देणारी जी कॅरोटिन वर्गातील द्रव्ये आहेत, त्यांचा पिवळा पाया असतो. त्यावर जांभळाला रंग देणाऱ्या अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांची हलकी गुलाबी झाक चढते. दोन्हींचा मेळ बसला, म्हणजे जर्दाळी. पिवळे वरचढ झाले, की रंग सोनचाफ्याकडे झुकतो. गुलाबी वरचढ झाले, की अबोलीकडे. दोन्ही फिकी पडली, तर श्रीखंडी. म्हणून मी तर अशी व्याख्या करते, की अबोली आणि सोनचाफा यांच्या मधोमध जो उभा आहे तो जर्दाळी. अमेरिकेतील गुलाब संस्थेनेही आपल्या रंगवर्गांत या रंगाला पिवळ्याहून आणि केशरीहून निराळे घर दिले आहे.

आता माहेरांकडे वळू. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातील बागांत गुलाब पुष्कळ होते, पण त्यांचे रंग पांढऱ्यापासून गुलाबी, किरमिजी आणि जांभळट येथपर्यंतच. पश्चिम आशियातून आलेला एक रानटी पिवळा गुलाब काही बागांत होता. परंतु तो बाकीच्यांत मिसळत नव्हता. अशा वेळी चीनकडून नवे गुलाब आले. १८२४ साली जॉन पार्क्स या माळ्याने लंडनच्या उद्यानविद्या संस्थेसाठी चीनमधून एक फिकट पिवळा गुलाब आणला. त्याच्या वासाला ताज्या चहाच्या पत्तीची आठवण येते असे लोकांना वाटले आणि त्या कुळाचे नाव 'टी रोझ', म्हणजे चहा-गुलाब, असे पडले. हे पहिले माहेर.

या माहेराशी आपलेही नाते आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चहा-गुलाबांच्या पूर्वजांपैकी एक आहे 'रोझा जायगँटिया', म्हणजे महाकाय गुलाब. चीनच्या युनान प्रांतात आणि ब्रह्मदेशात तो होतो, आणि आपल्या मणिपूरच्या डोंगरांतही होतो. १८८२ साली जॉर्ज वॅट यांना तो मणिपुरात आढळला. मोठमोठ्या झाडांवर चढणारा वेल, फिकट पिवळसर कळ्या, आणि तळहाताएवढी सायीच्या रंगाची फुले असे त्याचे रूप. जर्दाळी गुलाबातील मऊ, दुधाळ पिवळेपणाचा एक धागा असा थेट आपल्या पूर्वांचलापर्यंत पोहोचतो.

या चहा-घराण्यात १८३९ साली फ्रान्समध्ये 'साफ्रानो' जन्मला. नावातच केशर आहे. १८५३ साली दिजाँ गावच्या जाकोतो यांनी 'ग्लवार द दिजाँ' हा वेली गुलाब पुढे आणला. पिवळट जर्दाळी रंगाची, सपाट आणि पाकळ्यांनी गच्च भरलेली त्याची फुले सगळ्या युरोपाने डोक्यावर घेतली. १९१० साली इंग्लंडमध्ये 'लेडी हिलिंग्डन' आला. लांबट कळी, गर्द जर्दाळी रंग, थोड्या पाकळ्या आणि मान खाली घालून राहणारे फूल. त्याची कोवळी पालवी जांभळट तांबूस असते. ही त्याची ओळखीची खूण, कारण फूल नसतानाही झुडूप नुसत्या पालवीवरून ओळखू येते.

दुसरे माहेर इराणचे. १८३७ साली सर हेन्री विलॉक यांनी तेथून एक गर्द पिवळा, भरगच्च पाकळ्यांचा गुलाब इंग्लंडात आणला. त्याला 'पर्शियन यलो' म्हणू लागले. हा ज्या जातीचा, तिचे शास्त्रीय नाव 'रोझा फेटिडा', म्हणजे दुर्गंधी गुलाब! रंग सोन्यासारखा, पण वासाला नाक मुरडावे असा. शिवाय वर्षातून एकदाच फुलावयाचे, आणि बीज धरण्याच्या नावाने आनंद. असे हे स्थळ कोणी पत्करावे?

ते पत्करले फ्रान्समधील लियाँ शहरच्या एका घराने. आणि येथे मला एका बाईंविषयी सांगितलेच पाहिजे. लियाँत द्युशे नावाचे गुलाबांचे नामांकित घराणे होते. पतीच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने रोपवाटिका बंद केली नाही. तिने स्वतः ती चालविली आणि नव्या जातीही काढल्या. १८७८ साली तिने 'विल्यम ॲलन रिचर्डसन' हा अंड्याच्या बलकासारख्या केशरी पिवळ्या रंगाचा वेली गुलाब पुढे आणला. १८८१ मधील 'सेसिल ब्रुनर' हा चिमुकल्या फिकट गुलाबी फुलांचा गुलाबही तिच्याच हातचा मानतात. तो आजही जगभर लावला जातो. परंतु गुलाबांच्या नोंदीत तिचे नाव काय आढळते? 'व्हव्ह द्युशे', म्हणजे द्युशेंची विधवा. बस्स, एवढेच. ज्या फुलांना तिने नावे दिली ती अजून नावाने ओळखली जातात. जिने दिली तिचे स्वतःचे नाव मात्र पाटीवर नाही.

याच रोपवाटिकेत जोझेफ पेर्ने नावाचा तरुण काम करीत होता. पुढे त्याने त्या घरच्या मुलीशी विवाह केला आणि आपल्या आडनावाला सासरचे आडनाव जोडून तो पेर्ने-द्युशे झाला. आपल्याकडे घरजावयाला लोक नावे ठेवतात. या जावयाने सासरचे नाव जगभर नेले! १८८० नंतरच्या दशकात त्याने 'पर्शियन यलो'चे पराग घेऊन बागेतील गुलाबांशी संकर करण्याचा उद्योग आरंभिला. वर्षांमागून वर्षे गेली. बहुतेक प्रयत्न फुकट गेले, थोडे बी धरले. त्यातून निघालेल्या रोपांच्या वंशात अखेर मनासारखे झुडूप लाभले आणि १९०० साली 'सोलेय दॉर', म्हणजे सुवर्णसूर्य, हा गुलाब जगापुढे आला. केशरी, पिवळा आणि तांबूस असे तिन्ही रंग एकाच फुलात. त्या दिवसापासून बागेतील गुलाबांची रंगपेटीच बदलली. आज जे जे झगझगीत पिवळे, केशरी, तांबूस आणि गर्द जर्दाळी गुलाब आपण पाहतो, त्यांपैकी बहुतेकांच्या अंगात या एका संकराचे रक्त आहे.

पेर्ने-द्युशे यांच्या घरी मात्र पुढे काळोख झाला. पहिल्या महायुद्धात क्लोदियुस आणि जॉर्ज हे दोघेही मुलगे कामी आले. बापाने १९२० साली एका पिवळ्या गुलाबाला थोरल्याचे आणि १९२१ साली दुसऱ्या एका गुलाबाला धाकट्याचे स्मरणनाव दिले. गुलाबाच्या नावात काय आहे असे म्हणणाऱ्याने ही दोन नावे आठवावी.

इराणच्या माहेराने रंग दिला, तसा एक रोगही आंदण दिला. 'पर्शियन यलो'ची पाने काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला लवकर बळी पडतात, आणि ती उणीव त्याच्या वंशजांतही उतरली. इंग्लंडसारख्या दमट देशात या गुलाबांची पाने झडून काटक्या उरत. आपल्या पावसाळ्यात तर हा अनुभव घरोघरी येतो. पान ओले राहून सुमारे ७ तास गेले, की या बुरशीला रुजण्यास पुरे होतात. आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात पाने दिवसचे दिवस ओली असतात! 'मिसेस सॅम मॅक्ग्रेडी' (१९२९), 'मोहावी' (१९५४), 'व्हिस्की मॅक' (१९६७) ही सगळी या तेजस्वी घराण्याची लेकरे. रूपाने देखणी, पण पावसाळ्यात जपावी लागणारी.

चहा-घराण्याचे गुण याच्या उलट. त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही, पण ऊन बऱ्यापैकी सोसते. वर्षभर थोडे थोडे फुलत राहणे हा त्याचा स्वभाव, वास मंद, आणि पाने सहसा निरोगी. देठ नाजूक असल्यामुळे फूल मान टाकते, एवढाच काय तो दोष. वेल कमानीवर चढविला, की तोही गुण ठरतो, कारण खालून जाणाऱ्याला फुलाचे तोंड दिसते.

आपल्या देशात या विषयाचा विचार झाला नाही असे नाही. गव्हाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले आणि १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाचे मोठे भक्त. त्यांनी अनेक नव्या जाती काढल्या आणि १९६६ साली भारतातील गुलाबांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्यामागून कोडाईकनालच्या विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने मणिपूरचा तोच महाकाय गुलाब आणि आपल्या दलदलीत वाढणारा 'रोझा क्लायनोफिला' हे दोन देशी गुलाब हाती घेतले. थंड देशांचे गुलाब आपल्या हवेत किती काळ ओढूनताणून वाढवावयाचे, उष्ण हवेचे गुलाब आपल्याच रानातून का काढू नयेत, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी एका पिवळ्या गुलाबाला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांचे नाव दिले. विधवा द्युशेबाईंच्या वाट्याला जे आले नाही, ते आपल्या जानकीबाईंच्या वाट्याला आले.

आता ओळखण्याविषयी. जर्दाळी गुलाब पाहावयाचा तो सकाळी, अर्धा उमललेला असताना. पाकळीतील पिवळी द्रव्ये फूल उमलल्यावर विरू लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशीचे फूल पाहून रंग ठरवू नये. ते श्रीखंडी किंवा जवळजवळ पांढरेच दिसेल. थंडीत गुलाबी झाक वाढते आणि उन्हाळ्यात ती ओसरते. त्यामुळे एकाच झुडपाचे पौषातले फूल अबोलीकडे झुकलेले आणि चैत्रातले फिकट पिवळे असे होऊ शकते. माझ्या अंगणातील 'जस्ट जोई' पाहून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या आणि मे महिन्यात लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आलेल्या शेजारणींनी दोन निरनिराळी नावे सांगितली, आणि दोघींचेही डोळे बरोबर होते.

पाकळी हलकेच ओढून तिचा बुंधा पाहावा. तेथे पिवळी नखी ठळक असेल, तर वरचा रंग जर्दाळी. बुंधा पांढरा असेल, तर बहुधा तो साधा गुलाबीच, पण उजेडामुळे तसा भासला. मोबाइलमधील छायाचित्रावर विसंबू नये, कारण संध्याकाळच्या उन्हात काढलेल्या चित्रात पांढरी जाईसुद्धा केशरी दिसते. त्यापेक्षा जवळ साडीच्या काठाचा किंवा लोकरीचा अबोली धागा ठेवून ताडून पाहावे. आपल्या डोळ्यांची ही सवय कामी आणावी.

"आमचा जर्दाळी गुलाब दोन वर्षांत लाल झाला," अशी तक्रार वारंवार ऐकू येते. गुलाब सहसा असा पालटत नाही. आपण आणतो ते कलम असते; रानटी गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो. डोळ्याच्या खालून खुंटाला फुटवा आला आणि तो वाढू दिला, तर तो वरच्या जातीचे अन्न खातो आणि तिला मारून टाकतो. उरलेले झुडूप खुंटाचे, मग फूलही त्याचेच. यासाठी डोळ्याचा जोड मातीवर दिसता ठेवावा आणि त्याखालून आलेला प्रत्येक फुटवा मुळापासून उपटावा.

निवडीविषयी माझे मत थोडक्यात सांगते. एकच कुंडी असेल आणि मोठे, सुवासिक फूल हवे असेल, तर 'जस्ट जोई' घ्यावा. १९७२ साली इंग्लंडच्या कोल्चेस्टर गावी निघालेल्या या गुलाबाला त्याच्या निर्मात्याने आपल्या पत्नीचे नाव दिले, तेही कोणाची सौभाग्यवती म्हणून नव्हे, तिच्या घरगुती लाडक्या नावाने. पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या, रंग तांबूस जर्दाळी. १९९४ साली जागतिक गुलाब महासंघाने त्याला जगाचा आवडता गुलाब म्हणून गौरविले. त्याची पाने पावसाळ्यात जपावी लागतात, हे मात्र धरून चालावे. फुलदाणीसाठी एकेक फूल नको, झुबकेच हवेत, तर १९६५ सालचा 'ॲप्रिकॉट नेक्टर' पाहावा. जुन्या वळणाची, वाटीसारखी गच्च फुले आवडत असतील, तर १९८५ मधील 'अब्राहम डार्बी' आहे. फाटकावर किंवा कमानीवर चढवावयाचा असेल, तर 'लेडी हिलिंग्डन'चा वेल शोधावा. मोकळी जागा असेल, तर १९३९ सालचा 'बफ ब्यूटी' झुबक्यांनी फुलतो. हाही पुढे आणला तो ॲन बेंटॉल या बाईंनीच. जुने गुलाब दारावर मिळत नाहीत, चौकशी करावी लागते. पण सोयरीक म्हटली की चौकशी आलीच.

जागा अशी द्यावी, की दुपारपर्यंत ऊन मिळेल आणि नंतर सावली. दुपारच्या उन्हाने हा रंग लवकर उडतो. पाणी बुंध्याशी घालावे, पानांवर नव्हे, आणि तेही सकाळी. ठिपके पडलेली पाने वेचून काढावी आणि ती खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटणी केली, की सुमारे दीड महिन्याने बहर येतो, आणि थंडी सुरू झालेली असल्याने रंगही उत्तम उतरतो.

शेवटी एक विनंती. गुलाब आणला, की त्याची चिठ्ठी फेकून देऊ नका. वहीत त्याचे नाव, साल, तो कोणी काढला आणि आपण केव्हा लावला हे लिहून ठेवा. फांदी मैत्रिणीला दिली, तर नावही बरोबर द्या, आणि कोणाकडून आली ते तिच्या वहीत लिहावयास सांगा. आपल्या मंडळात एकमेकींच्या अंगणांतून किती तरी झाडे फिरली आहेत. आज "ती शेवंती पलीकडच्या काकूंकडची" एवढेच आपण म्हणतो. आणखी वीस वर्षांनी त्या काकूंचे नाव कोणाला आठवेल? दीडशे वर्षांमागे लियाँत एका बाईने नवरा गेल्यावर रोपवाटिका सांभाळली, आणि लोकांनी तिचे फूल जपले, नाव गाळले. आपल्या वहीत तरी तसे होऊ नये.